स्थलनामांचे राज्यांतर

१८५३ साली एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकास पाठ असते. तीच गाडी पुढील साली कल्याणास पोचली आणि १ ऑक्टोबर १८५५ पासून आमच्या वाशिंदपर्यंत येऊ लागली, ही गोष्ट मात्र खुद्द वाशिंदच्याही फारशा लोकांस ठाऊक नसते. आसनगावापर्यंत रूळ पडण्यास १८६० साल उजाडले. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ या बाजूस लोहमार्गाचा शेवट वाशिंद येथेच होत होता. श्रोतेहो, या मार्गाच्या दोन टोकांकडे पाहिले म्हणजे एक मौज ध्यानात येते. जेथून गाडी निघे त्या टोकाचे नाव आजवर तीनदा बदलले आणि जेथे ती येऊन थांबे त्या टोकाचे एकदाही बदलले नाही. बोरीबंदरावर राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ साली, व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव आले. १९९६ साली तेथे छत्रपती शिवाजी टर्मिनस अशी पाटी लागली आणि २०१७ साली त्या नावात 'महाराज' हा आदरार्थी शब्द घालण्यात आला. वाशिंद मात्र वाशिंदच राहिले. कोणी ते वासिंद असे लिहितो, कोणी इंग्रजीत आरंभी एक अक्षर योजतो, कोणी दुसरे. एवढाच काय तो फरक.

याचे कारण उघड आहे. नाव हे सत्तेचे चिन्ह आहे, आणि सत्ता आपली चिन्हे जेथे चार लोक पाहतील तेथेच लावते. खेड्याच्या वेशीवर लाटसाहेबाचे नाव लावून कोणास काय मिळणार? म्हणून इंग्रजांचे नामकरण पाहावयाचे तर ते मुंबईत, पुण्याच्या लष्करात, महाबळेश्वर-माथेरानच्या टेकड्यांवर पाहावे. मुंबईचा जुना नकाशा हाती घेतला तर तो शहराचा नकाशा आहे की गव्हर्नरांचे हजेरीपत्रक, असा संभ्रम पडतो. १७७१ ते १७८४ पर्यंत गव्हर्नर असलेल्या हॉर्नबीचा हॉर्नबी रोड, रॉबर्ट ग्रँटचा ग्रँट रोड, फॉकलंडचा फॉकलंड रोड, त्याच्यामागून आलेल्या एल्फिन्स्टनचा एल्फिन्स्टन रोड, बार्टल फ्रियरचा फ्रियर रोड, रे साहेबाचा रे रोड, सँडहर्स्टचा सँडहर्स्ट रोड, लॅमिंग्टनचा लॅमिंग्टन रोड. कारकीर्द संपवून साहेब विलायतेस गेला की त्याच्या मागे मुंबईत एक रस्ता उरे. यांतील काहींनी शहराचे बरे केले हे नाकारण्याचे कारण नाही. हॉर्नबीने वरळीची खिंड बांध घालून बुजवली म्हणून मुंबईची बेटे एक होण्यास आरंभ झाला. फ्रियरने कोटाच्या भिंती पाडल्या म्हणून शहरास श्वास घेता आला. परंतु नाव देताना कोणी कर्तृत्वाचे मोजमाप घेत बसले नव्हते; अधिकारपद हेच पुरेसे कारण होते.

सँडहर्स्टचीच गोष्ट घ्या. १८९५ ते १९०० ही त्याची कारकीर्द. याच काळात प्लेग आला, पुण्यास रँडचा वध झाला, आणि १८९७ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालून त्यांस शिक्षा झाली. पुढे १९२० साली लोकमान्य मुंबईस निवर्तले आणि गिरगावच्या चौपाटीवर त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला. त्या चौपाटीच्या रोखाने जाणारा मोठा रस्ता तेव्हा कोणाच्या नावाने ओळखला जात होता? सँडहर्स्टच्याच. पुढे त्या रस्त्यास सरदार वल्लभभाई पटेलांचे नाव मिळाले. केवळ सूडबुद्धीने किंवा केवळ पोकळ अभिमानाने रस्त्यांची नावे बदलली असे म्हणणाऱ्यांनी हा एक रस्ता अवश्य विचारात घ्यावा.

मोठ्या माणसांची नावे देण्याइतकीच इंग्रजांची दुसरी रीत होती, आणि ती अधिक दूरवर पोचली. ती म्हणजे आपल्या उच्चारांस त्यांच्या जिभेवर घोळवून कागदावर उतरवणे. ठाण्याचे थाना, पुण्याचे पूना, खडकीचे किर्की, शीवचे सायन, वांद्र्याचे बँड्रा. वसईस तर पोर्तुगीजांनी आधीच बासाईं केले होते; इंग्रजांनी त्याचे बसीन केले. मराठी माणूस या सर्व काळात ठाणे, पुणे, शीव, वांद्रे, वसई असेच म्हणत राहिला. म्हणून १९७८ साली पुण्याचे व १९९६ साली ठाण्याचे इंग्रजी लेखन बदलले, किंवा १९९५ साली बॉम्बेचे मुंबई झाले, तेव्हा मराठीत वस्तुतः काहीच बदलले नाही. आपल्या तोंडी मुंबादेवीची मुंबई होतीच. बदल झाला तो इंग्रजीत आणि बंबई म्हणणाऱ्या हिंदीत. घरातल्या माणसाने घरातल्या नावानेच हाक मारावी, इतकी साधी ती मागणी होती.

आता जरा आमच्या मुलखाकडे वळतो. कारण येथे एक नामांतर असे झाले आहे की ज्याचा कोणी निषेध केला नाही आणि ज्याचे कोणास स्मरणही नाही. आज ज्यास आपण शहापूर तालुका म्हणतो, त्यास पूर्वी कोळवण म्हणत. कोळ्यांचे वन ते कोळवण. सह्याद्रीच्या पायथ्याचा, जव्हार-मोखाड्याकडे पसरलेला, महादेव कोळ्यांच्या वस्तीचा हा डोंगराळ मुलूख. १८६६ साली इंग्रज सरकारने ठाणे जिल्ह्याच्या तालुक्यांची नवी मांडणी केली, आणि तालुक्यास त्याच्या कचेरीच्या गावाचे नाव देण्याची पद्धत सर्रास लागू केली. कोळवणचे शहापूर झाले, संजाणचे डहाणू झाले, नसरापूरचे कर्जत झाले. यात कोणा लाटसाहेबाचा उदोउदो नव्हता. शहापूर, डहाणू, कर्जत ही सगळी आपलीच नावे. तरीही माझ्या मते कोळवण जाणे ही फ्रियर रोड येण्याहून मोठी घटना होती. फ्रियर रोडने कोणाचे नाव पुसले नाही. तो रस्ताच नवा होता. कोळवण या नावात मात्र त्या भूमीवर प्रथम कोण राहत होते याची नोंद होती, आणि ती नोंद एका सोयीच्या कारकुनी फेरफाराने नाहीशी झाली. नाव बदलण्यास पाटी रंगवावी लागते असे थोडेच आहे? पत्रव्यवहाराच्या शिरोभागी दुसरा शब्द लिहिला की दोन पिढ्यांत काम होते.

परंतु प्रत्येक वेळी सरकारचाच शब्द चालतो, असेही नाही. आमच्या शेजारचे कल्याण घ्या. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. ग्रीक खलाशाच्या वर्णनात ते कल्लिएना म्हणून येते. म्हणजे नाव निदान अठराशे वर्षांचे. मुसलमानी अंमलात त्याच गावास इस्लामाबाद म्हणत, असे जुने ठाणे गॅझेटियर सांगते. आज कल्याणात जाऊन इस्लामाबाद कोठे म्हणून विचारले तर लोक पारपत्र दाखवा म्हणतील. राज्याने दिलेले नाव राज्याबरोबर गेले, आणि लोकांनी जपलेले नाव सातवाहन, शिलाहार, सुलतान, मोगल, पेशवे व इंग्रज इतक्यांना पुरून उरले.

१९४७ साली इंग्रज गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी पाट्या उतरल्या, अशी काहींची कल्पना असते. तसे झाले नाही. काही ठिकाणी काम आधीच सुरू झाले होते. पुण्याच्या रे मार्केटास महात्मा फुल्यांचे नाव मिळाले ते स्वातंत्र्यापूर्वीच. आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत निवडून गेले असताना त्यांनी तो ठराव तडीस नेला. परराज्य चालू असता गव्हर्नराचे नाव काढून शूद्रातिशूद्रांच्या कैवाऱ्याचे नाव लावणे हे साधे धाडस नव्हे, आणि त्या काळच्या पुण्यात तर मुळीच नव्हे. मौज अशी की पुणेकर आजही नुसते मंडई म्हणतो; त्यास रेही नको आणि पूर्ण नावही नको. आणि इकडे मुंबईत रे साहेब लोहमार्गाच्या एका स्थानकावर अद्याप टिकून आहेत.

मुंबईत मात्र हे काम सावकाश, एकेक ठरावाने, काही दशके चालले. १८८८ च्या कायद्याने रस्त्यास नाव देण्याचा अधिकार महापालिकेकडे होता. म्हणजे साहेबाने दिलेल्या कायद्यानेच साहेबाचे नाव काढावयाचे होते. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रस्ता झाला, एस्प्लनेड रोडचा महात्मा गांधी मार्ग, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे मार्ग, चर्चगेट स्ट्रीटचा वीर नरिमन रस्ता, फ्रियर रोडचा गोदीकामगारांचे पुढारी डिमेलो यांचा रस्ता. यांतील काही नामांतरे मोठी मार्मिक आहेत. गोदीच्या भिंतीलगत जाणाऱ्या रस्त्यास गोदीकामगारांच्या पुढाऱ्याचे नाव शोभते. तमाशाच्या थिएटरांच्या वस्तीतून जाणाऱ्या फॉकलंड रोडला पठ्ठे बापूरावांचे नाव दिले, त्याला तर तोड नाही. त्याच वस्तीत प्ले हाऊसचे पिला हाऊस करून लोकांनी साहेबाच्या भाषेचे परस्पर नामांतर करून टाकले होते. त्यास कोणत्याही ठरावाची गरज पडली नाही. उलट आग्रा रोडचा लालबहादूर शास्त्री मार्ग झाला तेव्हा मला थोडे हळहळल्यासारखे होते. शास्त्रीजींविषयी आदर कोणास नाही? परंतु आग्रा रोड हे नाव कोणा इंग्रजाचे नव्हते. हा रस्ता कोठे जातो ते ते नाव सांगे. कुर्ल्याहून निघालेला तो रस्ता ठाण्यावरून, आमच्या वाशिंद-शहापुरावरून कसारा घाट चढून उत्तर हिंदुस्थानात जातो, हे भूगोलाचे ज्ञान एका नावात होते.

आणि काही नावे अशी की ज्यांस हात लावूनही ती हलली नाहीत. आल्बर्ट ससून याने १८७९ साली युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा मुंबईस दिला. लोकांनी स्वाराकडे पाहिलेच नाही. घोडा पाहिला आणि जागेस काळा घोडा म्हटले. १९६५ साली पुतळा उचलून राणीच्या बागेत नेला. राजपुत्र गेला, घोडा गेला, नाव राहिले. शेवटी २०१७ साली त्या नावाची लाज राखण्याकरिता म्हणा, तेथे बिनस्वाराचा नवा काळा घोडा उभा करण्यात आला. राणीच्या बागेचीही तीच गत. कागदोपत्री ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पण हत्ती पाहावयास निघालेले मूल राणीच्या बागेतच जाते, आणि ती राणी कोणती हे ते विचारीत नाही. माटुंग्याच्या तंत्रविद्यालयाची युक्ती तर याहून गमतीची. १८८७ साली राणीच्याच महोत्सवानिमित्त निघालेली ती व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १९९७ साली वीरमाता जिजाबाई संस्था झाली. आद्याक्षरे तीच राहिली, पदव्याही त्याच अक्षरांनी ओळखल्या जात राहिल्या, आणि राज्यक्रांती बिनबोभाट पार पडली.

जगात इतरत्रही हेच घडले आहे, आणि बहुधा याच क्रमाने. आयर्लंडची राजधानी डब्लिन. तेथील मुख्य रस्ता सॅकव्हिल या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने होता. १८८० नंतरच्या दशकात तेथील पालिकेने तो देशभक्त ओकॉनेलच्या नावे करावयाचे ठरवले, तेव्हा रहिवाश्यांनीच न्यायालयातून मनाई आणली! शेवटी देश स्वतंत्र झाल्यावर १९२४ साली तो ओकॉनेल स्ट्रीट झाला. डचांनी १६१९ साली जयकर्त हे नगर जिंकून त्याचे बटाव्हिया केले; तीनशेहून अधिक वर्षांनी ते पुन्हा जकार्ता झाले. ऱ्होडेशियाचे सॅलिसबरी १९८२ साली हरारे झाले. कलकत्त्याच्या हॅरिंग्टन स्ट्रीटवर अमेरिकेची वकिलात. व्हिएतनामचे युद्ध चालू असता तेथील सरकारने नेमक्या त्याच रस्त्यास हो चि मिन्हचे नाव दिले. वकिलातीस आपल्या पत्त्यात शत्रूचे नाव लिहावे लागले. हा बंगाली विनोद आपल्या मुंबईस सुचला नसता. गोव्यात १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज राज्य संपले. पणजीचा आल्बुकर्क चौक आझाद मैदान झाला, आणि १९४६ साली लोहियांनी ज्या दिवशी मडगावात सत्याग्रह केला त्या १८ जूनचे नाव पणजीच्या रस्त्यास मिळाले. वास्को द गामा हे शहर मात्र आजही त्याच नावाने नांदते आहे.

केंद्र सरकारने १९५३ सालीच या बाबतीत काही नियम घालून दिले होते. लोकांच्या अंगवळणी पडलेले नाव सबळ कारणावाचून बदलू नये. ऐतिहासिक संबंध असलेली नावे शक्यतो तशीच ठेवावी. नुसत्या स्थानिक अभिमानाखातर, किंवा पुढाऱ्यांस मान द्यावयाचा एवढ्याचसाठी, गावाचे नाव बदलू नये. आणि जवळपास त्याच नावाचे दुसरे गाव नसावे. चारही नियम शहाणपणाचे आहेत. ते किती पाळले गेले याचा हिशेब श्रोत्यांनी आपापल्या शहरातून एक फेरफटका मारून स्वतःच करावा.

माझ्या समजुतीप्रमाणे नामांतराचे दोन प्रकार करावेत. एक, झाकलेले नाव उघडे करणे. दुसरा, एक माणूस उतरवून दुसरा चढवणे. जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे प्रभादेवी झाले, हा पहिला प्रकार. ते त्या वस्तीचे व तिच्या देवतेचेच नाव. ज्या एल्फिन्स्टनचे नाव गेले तो आपल्या इतिहासातला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नव्हे, त्याचा पुतण्या, हेही सांगितले पाहिजे. कारण पाटी निघाली तेव्हा शिक्षणाचा पुरस्कर्ता विस्मृतीत लोटला म्हणून काही सद्गृहस्थ उगीच व्यथित झाले होते. मात्र त्याच स्थानकाच्या अरुंद पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली होती. नामांतराचा निर्णय त्यापूर्वीच झालेला होता. नवा पूल मात्र माणसे मेल्यावरच उभा राहिला, आणि तो लष्कराने काही महिन्यांत बांधून दिला.

२०२४ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने व नंतर विधिमंडळाने मुंबईतील आणखी काही स्थानकांची इंग्रजी नावे बदलण्याची शिफारस केली. सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, करी रोडचे लालबाग, डॉकयार्ड रोडचे माझगाव, कॉटन ग्रीनचे काळाचौकी, चर्नी रोडचे गिरगाव. डोंगरी, लालबाग, माझगाव ही नावे लोकांच्या तोंडी आहेतच, तेव्हा पहिल्या प्रकारात ती बसतात. करी रोडचा करी हा रश्श्याचा नव्हे, रेल्वेच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याचा होय. तो गेल्याने कोणाचे काही अडणार नाही. परंतु चर्नी रोडच्या बाबतीत मी विरुद्ध मत देईन. रोड हा शब्द इंग्रजी. चर्नी मात्र आपली आहे. गुरे चारण्याच्या कुरणावरून ते नाव पडले असे सांगतात. सरकारने मैदानात गुरे चारण्यावर कर बसवला तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंनी पदरच्या पैशाने कुरण घेऊन गुरांस मोकळे केले, अशी ती हकीकत आहे. परकीय सत्तेच्या कराविरुद्ध मुंबईच्या एका नागरिकाने गोरगरिबांच्या गुरांची सोय केली, ही आठवण ज्या नावात आहे ते परकीय म्हणून पुसावयाचे, यास काय म्हणावे?

इंग्रजांच्या आधीच्या राजवटींची नावेही अलीकडे बदलली. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. धाराशिव हे जुने नाव परत आले, तो पहिला प्रकार. इतर दोन दुसऱ्या प्रकारात पडतात. यावर वाद पुष्कळ झाले आहेत व होतील. मी त्यात भर घालीत नाही. मला त्याच शहरातील एका जुन्या नामांतराविषयी बोलावयाचे आहे, कारण नावाची किंमत काय असते ते महाराष्ट्राने तेथे रक्त सांडून पाहिले.

१९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. त्याआधीच, १९५० साली, डॉ. आंबेडकरांनी त्या शहरात महाविद्यालय काढले होते आणि ज्या प्रांतात दलितांच्या मुलास शाळेची पायरी दुर्मीळ होती तेथे उच्च शिक्षणाचा दरवाजा उघडला होता. म्हणून विद्यापीठास त्यांचे नाव द्यावे अशी मागणी झाली, आणि २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. ठराव झाला तो मुंबईत, आणि आग लागली ती मराठवाड्यातील दलितांच्या वस्त्यांना. घरे जाळली, माणसे मारली, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली. ठराव बाजूस राहिला. मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले, आणि सुमारे सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नाव लागले. नामांतर म्हणावयाचे तर एक पक्ष दुखावतो, म्हणून त्यास नामविस्तार म्हणण्यात आले. इंग्रज गव्हर्नरांची इतकी नावे या राज्यात उतरवली गेली; त्यांपैकी एकासाठीही कोणाचे घर जळले नव्हते. परक्याचे नाव काढणे सोपे असते. आपल्याच माणसाचे नाव लावताना आपण कोणास आपले मानतो ते उघड होते.

यावरून पुन्हा खेड्याकडे येतो. शहरातील श्रोत्यांस रस्त्याचे नाव म्हणजे टपालाच्या पत्त्याची एक ओळ. खेड्यात वस्तीचे नाव म्हणजे माणसाची जात. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा, ब्राह्मण आळी ही नावे कोणा परकीयाने दिली नव्हती; ती आमची, अस्सल देशी, आणि पुष्कळ जुनी. जुने ते सर्व जपावे म्हणणाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने अशी जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर यांसारखी नावे द्यावी असा निर्णय घेतला. शिक्षक या नात्याने मी अनेक वर्षे शाळेचे दाखले लिहिले आहेत. राहण्याचे ठिकाण या रकान्यापुढे वस्तीचे नाव सांगताना मुलाचा बाप कसा अडखळतो, आणि पलीकडल्या आळीचा बाप तेच नाव कसे खणखणीत उच्चारतो, हे ज्याने पाहिले आहे त्यास या निर्णयाची निकड पटवून द्यावी लागत नाही. स्वातंत्र्य मिळून त्र्याहत्तर वर्षे उलटल्यावर तो झाला. मुंबईत राणीचे नाव काढण्यास आपण इतके थांबलो नाही. आणि नवे नाव वेशीवरील पाटीवर झळकले, पण रेशनच्या व तलाठ्याच्या कागदात जुनेच राहिले, तर बापाचे अडखळणे चालूच राहील.

शहापूर तालुक्यात नावांचा आणखी एक प्रकार आहे. मुंबईच्या श्रोत्यांनी सकाळी नळ उघडला की त्यांच्या हातावर आमच्या डोंगरांतले पाणी पडते. तानसा तलाव १८९२ चा, इंग्रजी अमदानीतला. परंतु त्यास साहेबाचे नाव न देता तानसा नदीचेच ठेवले. भातसेचेही तसेच. वैतरणेवरील १९५७ च्या जलाशयास महापालिकेचे अभियंते मोडक यांच्यावरून मोडकसागर म्हणतात. ज्याने ते काम उभे केले त्याचे नाव त्यास मिळाले, हे योग्यच झाले. त्याच नदीवरील २०१४ सालच्या मध्य वैतरणा जलाशयास बाळासाहेब ठाकऱ्यांचे नाव आहे, आणि आमच्या तालुक्यातून जाऊन आमणे येथे संपणाऱ्या समृद्धी महामार्गासही त्यांचेच. गाडीवाले मात्र नुसते समृद्धी म्हणतात आणि पुढे जातात.

या जलाशयांखाली गावे व पाडे गेले. त्यांस कोणी इंग्रजाने नाव दिले नव्हते. कोठे झाडावरून, कोठे ओहोळावरून, कोठे देवाच्या दगडावरून ती नावे पडली होती. जमिनीबरोबर तीही बुडाली. उठून गेलेली म्हातारी माणसे लग्नाची बोलणी करताना अमक्या पाड्याचे असे अजून सांगतात, आणि ऐकणाऱ्या पोरास तो पाडा कोठे हे समजत नाही. भूमापनाच्या जुन्या नकाशात ती नावे सापडतील. धरणाच्या भिंतीजवळ उंची, लांबी, उद्घाटनाची तारीख आणि उद्घाटकाचे नाव कोरलेला दगड असतो. पाण्याखालच्या गावांची नावे लिहिलेला दगड मात्र या भागात तरी माझ्या पाहण्यात आलेला नाही.